चेक परतला, खटला कुठे?

हुंडी न सकारणे ही पूर्वी पेढीची बेअब्रू समजली जाई. त्यासाठी कोणी तुरुंगात जात नसे. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने हुंडीच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही. न वटलेल्या चेकसाठीही दिवाणी दाव्याचीच वाट होती. याच जुन्या कायद्यात संसदेने १९८८ साली नवे प्रकरण घातले आणि १ एप्रिल १९८९ पासून कलम १३८ लागू झाले. व्यापारातले देणे त्या दिवशी फौजदारी न्यायालयाच्या दारात आले.

वाशीच्या घाऊक बाजारातील एका कडधान्य व्यापाऱ्यांना या कलमाची ओळख २०१४ च्या आरंभी झाली. आयात केलेल्या तुरीपोटी इंदूरच्या एका डाळ गिरणीने दिलेला चेक ‘अपुरी शिल्लक’ असा शेरा घेऊन परतला. संतापून ते प्रथम पोलीस ठाण्यात गेले. हा गुन्हा पोलीस नोंदवीत नाहीत, हे त्यांना तेथे कळले. चेक ज्याच्या नावे आहे त्याने स्वतः लेखी तक्रार केल्याखेरीज न्यायालय त्याची दखलच घेत नाही. बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पैसे देण्यास पंधरा दिवस, तरीही पैसे न आल्यास पुढील एक महिन्यात तक्रार, असा हा क्रम आहे. (१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता आली आणि बाजारातले सुप्रसिद्ध ‘चारसोबीस’ कलम ३१८ मध्ये गेले. चेकचे कलम स्वतंत्र कायद्यातले, म्हणून ते जागचे हलले नाही.)

तक्रार सीबीडी बेलापूरच्या न्यायालयात दाखल झाली. कोकण भवन, सिडको भवन, पोलीस आयुक्तालय हे सारे याच परिसरात. शासन जणू एका वस्तीत राहायला आलेले. दुकान मुलावर सोपवून शेठजी तारखांना जात आणि व्हरांड्यात आपल्यासारखेच व्यापारी पाहून त्यांना थोडा धीर येई.

तो धीर १ ऑगस्ट २०१४ रोजी संपला. ‘दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, चेक ज्या शाखेवर काढला व जेथे तो नाकारला गेला, तेथेच खटला चालेल. साक्षीपुराव्याच्या टप्प्यापर्यंत न पोचलेल्या तक्रारी परत करण्यात आल्या.

“पप्पा, आता दर तारखेला इंदूरला कोण जाणार?” मुलाने विचारले. शेठजींकडे उत्तर नव्हते.

निकाल अन्यायाचा होता असे मात्र म्हणता येत नाही. आधीच्या व्याख्येनुसार नोटीस जेथून पाठवली तेथेही खटला भरता येई, आणि देणेकऱ्याला दूरच्या गावी खेटे घालायला लावण्यासाठी काही सावकारांनी व कंपन्यांनी त्या सोयीचा उपयोग केला होता. व्यापारीवर्गाने हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नव्या अर्थाने ओझे उलटून, ज्याचे पैसे बुडाले त्याच्याच खांद्यावर आले. ओरड दिल्लीपर्यंत गेली. जून २०१५ मध्ये अध्यादेश निघाला व वर्षअखेरीस संसदेने कायदा दुरुस्त केला. खात्यात जमा करण्यासाठी दिलेला चेक असेल, तर तो घेणाऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे तेथील न्यायालयाला अधिकार मिळाला. प्रलंबित खटलेही तिकडे वर्ग झाले. शेठजींचे खाते वाशीचे, म्हणून इंदूरला गेलेले कागद पुन्हा बेलापूरला आले. चेक एकच, देणेकरी तोच. दीड वर्षात दोनदा गाव बदलले.

वॉरंट निघाल्यावर गिरणीमालक हजर झाले. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, दंड चेकच्या दुपटीपर्यंत, हे त्यांना वकिलांनी सांगितले होते. व्हरांड्यात दोघे समोरासमोर आले. “शेठ, गिरणी बंद पडली तर तुमचे पैसेही बुडतील,” ते म्हणाले. या माणसाला गजाआड पाहायचेच, असे शेठजी दोन वर्षे घरी म्हणत आले होते. त्या दिवशी त्यांनी फक्त विचारले, “हप्ते किती?”

कलम १४७ प्रमाणे हा गुन्हा आपसांत मिटवता येतो. तडजोड उशिरा झाली, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निर्देशांनुसार गिरणीमालकांना चेकच्या रकमेचे दहा टक्के विधी सेवा प्राधिकरणाकडे भरावे लागले. ठरलेले हप्ते आले, तक्रार मिटली. त्या गिरणीला आजही तूर जाते; मात्र रक्कम आरटीजीएसने खात्यात जमा झाल्यावाचून गोदामातून ट्रक सुटत नाही.