सुवर्णकाळ कोणाच्या कानांचा?

मराठी गीताचा सुवर्णकाळ म्हणून १९५० चे दशक सांगण्याचा प्रघात आहे. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेली, गदिमा व सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’तील ५६ गीते हा त्याचा सर्वांत भक्कम पुरावा. त्या गीतांची थोरवी निर्विवाद आहे. विवाद्य आहे ती दशकाची मोजणी. शेवगावात पदव्युत्तर वर्गाला शिकवताना हा वाद नेहमी निघतो. कोणी आजोबांच्या रेडिओची साक्ष काढतो, तर कोणी ‘सैराट’चा (२०१६) कैवार घेतो. माझा स्वतःचा कान प्रल्हाद शिंदे यांच्या कॅसेटींवर घडला. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची भीमगीते तर त्याच १९५० च्या दशकात सभांतून गायिली जात होती. सुवर्णकाळाच्या वर्णनात मात्र ती क्वचितच आढळतात. जे ध्वनिक्षेपित झाले ते काळाचे प्रातिनिधिक ठरले. जे मुखोमुखी पसरले ते काळाच्या हिशेबाबाहेर राहिले. तेव्हा श्रेष्ठ दशक कोणते, याआधी ते कोणत्या माध्यमाने व कोणत्या श्रोतृवर्गाने ठरविले, हे समीक्षेने तपासले पाहिजे. एरवी सुवर्णकाळ शिकविताना समोरच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरांत गाणेच नव्हते, असे आपण नकळत सांगत असतो.