परका हात

साताऱ्याहून सांगलीस जाताना कऱ्हाड लागते आणि आम्हांस १९७५ चा डिसेंबर आठवतो. तेव्हा आम्ही बालवयात होतो. जे कळले ते पुढे, सेमिनरीतील वाचनातून. ऐन आणीबाणीत कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी मुंबईत रुग्णशय्येवर असलेल्या जयप्रकाशांसाठी सभेला प्रार्थनेस उभे केले. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, देशाचे परराष्ट्रमंत्री. परदेशांच्या प्रश्नांना उत्तरे देणे हे ज्यांचे काम, त्यांना घरच्या मांडवातही तोच प्रश्न भेटला.

परदेशांतून प्रश्न येतच होते. १५ ऑगस्ट १९७५ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये जयप्रकाशांच्या सुटकेसाठी जाहिरात झळकली. अमेरिकेत भारतीय तरुणांनी ‘इंडियन्स फॉर डेमोक्रसी’ उभी केली. मुंबईचे वकील राम जेठमलानी १९७६ मध्ये तिकडेच आश्रयास गेले. जॉर्ज फर्नांडिस तर आमच्याच वाटेने काही पावले चाललेले, बंगळूरची सेमिनरी सोडून बाहेर पडलेले. ते भूमिगत असताना पत्नी लैला लहानग्या मुलासह परदेशी गेल्या आणि तेथे लोकशाहीची बाजू मांडत राहिल्या. जून १९७६ मध्ये कलकत्त्यात जॉर्ज पकडले गेले, तेव्हा ब्रांट, क्रायस्की व पाल्मे या युरोपीय नेत्यांनी इंदिरा गांधींकडे त्यांच्या जिवाविषयी चिंता कळविली.

यामागे ‘परका हात’ आहे, असे राज्यकर्ते म्हणत. विदेशी देणग्यांवर नियंत्रण आणणारा कायदाही त्याच वर्षीचा. हा शब्द आम्हां ख्रिस्ती लोकांच्या चांगला परिचयाचा. देवळावर कौले चढली तरी पैसा कुठला, असे विचारणारे भेटतातच. त्या धाकानेच का होईना, आपल्यातील अनेक जण तेव्हा गप्प बसले.

परवा धर्मग्रामातील एका युवकाने विचारले, “फादर, परदेशात बोलणे म्हणजे आपले घर चव्हाट्यावर आणणे नव्हे काय?” आम्ही मिसरात आश्रय घेतलेल्या पवित्र कुटुंबाची आठवण दिली. चांगला शोमरोनीही जखमी माणसास परकाच होता, असे म्हटले. तो हसला. “पण सरकार तर १९७७ मध्ये इथल्या मतदारांनी बदलले.” खरेच होते ते. जॉर्जही तुरुंगातूनच मुझफ्फरपूरहून निवडून आले. बाहेरच्यांमुळे कैद्यांचा विसर पडला नाही, एवढेच आम्ही म्हणालो.

“आणि आपल्या धर्मग्रामाने काय केले?”

आम्ही जुनी रोजनिशी काढली. त्या एकवीस महिन्यांतले सण, लग्ने, अंत्यविधी यथासांग नोंदलेले आहेत. कौले बदलल्याचा खर्चही आहे.