कॉफी जेली आणि अम्मीचा चायना ग्रास

लेकीने मोबाईलवर जपानी कॉफी जेली पाहिली आणि हट्ट धरला, इफ्तारला हीच हवी. चिखलीच्या बाजारात जिलेटिनचं पाकीट हातात घेतलं आणि परत ठेवलं. ते कोणत्या जनावराचं, हे त्यावर लिहिलेलं नव्हतं. मग कळलं, जपानमध्ये ही जेली ‘कांतेन’नेही जमवतात. समुद्री शेवाळापासून काढलेलं. म्हणजे आपला चायना ग्रासच की!

अम्मी रमजानमध्ये दुधात तो घालून वड्या पाडायची. तिच्या इंतकालानंतर तीन वर्षं घरात आला नव्हता. मुद्दाम टाळला असं नाही, आणलाही नाही.

5 ग्रॅम पट्ट्या भिजवल्या, अर्धा लिटर पाण्यात उकळून पूर्ण विरघळवल्या, मग कॉफी आणि साखर. नेमकी लाईट गेली. भांडं माठाच्या पाण्याच्या परातीत ठेवलं. चायना ग्रास फ्रिजशिवाय जमतो. जिलेटिनचं आमच्या उन्हाळ्यात पाणीच झालं असतं.

अजान झाली. खजूर खाऊन लेकीने जेलीवर साय घेतली, एक घास खाल्ला.

‘‘अब्बा, दादी इसमें इलायची डालती थी ना?’’

मी घातली नव्हती. उठून डबा शोधला.