गाडी बदलावी कीं सुधारावी?

वय वाढूं लागलें म्हणजे वेगाची हौस आपोआप ओसरते, असा एक समज आहे. माझा अनुभव तसा नाहीं. मुलुंडच्या आमच्या घरीं दोन महिने एकच वाद चालू होता: दहा वर्षें वापरलेली मोटार अधिक चपळ करून घ्यावी, कीं ती विकून एखादी जोरकस, शर्यतीच्या धाटणीची नवी घ्यावी? चिरंजीव नव्या गाडीच्या पक्षाचे. माझा ओढा जुनीच सुधारण्याकडे. सौभाग्यवतींनीं दोन्ही पक्षांना एकच प्रश्न केला, “अहो, पण इतक्या घाईनें जायचें आहे तरी कोठें?”

प्रश्न हंसण्यावारीं नेण्यासारखा नव्हता. मुलुंडहून घाटकोपरला जाणाऱ्या लालबहादुर शास्त्री मार्गावर सायंकाळीं कितीहि उमदी गाडी असो, पुढल्या सिग्नलपाशीं ती रिक्षाच्या शेजारींच उभी राहते. पुण्याच्या द्रुतगति मार्गावरहि सपाट भागांत ताशीं १०० किलोमीटरांची मर्यादा आहे, आणि तेवढें तर आमची साधी गाडीहि धांवते. परंतु मोटारीची आवड म्हणजे केवळ लवकर पोहोंचण्याची इच्छा नव्हे. पायाच्या दाबाला तत्काळ मिळणारा हुंकार आणि वळणावर न डळमळणारी चाल यांत एक निर्मळ आनंद आहे. त्याला चैन म्हणून निकालांत काढणें न्यायाचें होणार नाहीं.

जुन्या गाडीचा वेग वाढविण्याची परंपरा आपल्याकडे आहेच. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतून फियाट बाहेर पडत, त्या काळीं बाजारांत मोजक्याच जातींच्या मोटारी होत्या, आणि नव्या गाडीसाठीं वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. वेगाच्या शौकिनाला निवड अशी नव्हतीच. १०८९ घनसेंटिमीटरांच्या त्या इंजिनाचें हेड किंचित् तासून दाब वाढवावा, कार्बुरेटरचे जेट बदलावे, आणि कारागिरानें केवळ कानानें त्याचा सूर लावावा. मद्रासजवळील शोलावरमच्या धांवपट्टीवर अशा फियाट शर्यतींत उतरत. मुंबईंतील पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून गेल्या. कानानें इंजिन जोखणारे कारागीरहि आतां विरळाच आढळतात.

आज इंजिनाचा कारभार एका लहानशा संगणकाच्या हातीं असतो. टर्बो असलेल्या इंजिनांत त्याचें गणित बदललें, तर हवेचा दाब वाढून ताकद पुष्कळ वाढते. आमच्यासारख्या टर्बो नसलेल्या इंजिनांत मात्र लाभ अगदीं थोडा. शिवाय वाढलेला जोर क्लच, ब्रेक आणि टायर यांनाहि पेलावा लागतो. त्यांतून कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावतांना सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें सांगितलें कीं, निर्मात्यानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं नोंदणीपत्र विसंगत ठरेल असा बदल करतां येत नाहीं. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें बेकायदा फेरफारासाठीं मालकाला प्रत्येक बदलामागें ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली. अपघात झाल्यास विमा कंपनी हात झटकण्याचा संभव निराळाच. अर्थात् माझा पक्ष येथेंच लंगडा पडला.

मग चिरंजीवांच्या पक्षाकडे वळलों. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रांत ११ टक्के वाहनकर, त्यावर गेली कीं १२ टक्के. पैशांची तोंडमिळवणी कशीबशी झाली असती. परंतु तशा गाडीची बैठक खालीं, स्प्रिंगा कडक, टायर पातळ. आणि आमच्या गल्लींत गतिरोधक, श्रावणांत खड्डे, मुसळधार पावसांत गुडघाभर पाणी. सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे आमच्या मातोश्री. गुडघ्यांच्या दुखण्यामुळें त्यांना महिन्यांतून दोनदां घाटकोपरच्या डॉक्टरांकडे न्यावें लागतें. नवी गाडी पाहावयास त्यांनाहि नेलें होतें. आसनांत उतरतांना आणि उठतांना त्यांना दोघांचा आधार लागला. त्या कांहीं बोलल्या नाहींत. चिरंजीवांनींच माहितीपत्रक घडी करून खिशांत घातलें.

अखेर तिसराच मार्ग निघाला. निर्मात्यानें सांगितलेल्या मापाचेच चार उत्तम टायर, नवे शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेकचे पॅड, स्पार्क प्लग, हवेचें फिल्टर आणि चाकांचें अलाइनमेंट. दहा वर्षांच्या वापरानें हे भाग झिजावयाचेच. इंजिनाचें बळ तसूभरहि वाढलें नाहीं. पण गाडी सरळ चालते, वेळेवर थांबते आणि वळणावर अंग टाकीत नाहीं. चपळपणा म्हणून आपण जें मागतों, त्यांतला बराचसा भाग बळाचा नसून आज्ञाधारकपणाचा असतो, हें ध्यानांत आलें. खऱ्या वेगाला योग्य जागा म्हणजे कोइमतूर किंवा मद्रासकडील शर्यतीचे मार्ग. तेथें मोटार हांकण्याचें रीतसर शिक्षण मिळतें. उरलेल्या रकमेंतून चिरंजीवांना तिकडे पाठविण्याचें ठरलें आहे. सौभाग्यवतींचा प्रश्न त्यांना तेथें तरी कोणी विचारणार नाहीं!