वहिनी, गणित राहिलंय

सौ. वहिनीस,


काल फोनवर तू फार थोडं बोललीस. दहावीच्या निकालाचं विचारलं तर "गणित राहिलं, बाकी निघालं" एवढंच म्हणालीस आणि लगेच पावसाचं, आईच्या गुडघ्याचं, गाभण म्हशीचं सांगू लागलीस. फोन ठेवता ठेवता म्हणालीस, "बास झालं आता वन्सं, लोकांना हसायला नको." ते माझ्या मनातून जात नाही. फोनवर तू विषय बदलतेस आणि माझं काही चालत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. दुपारी सगळे कलंडले की निवांत वाच.

आधी त्या "बाकी निघालं"बद्दल. हे दोन शब्द तू असे बोललीस की जणू पाटीतलं खरकटं निघालं. वहिनी, मराठी निघालं, हिंदी निघालं, विज्ञान निघालं, सामाजिक शास्त्र निघालं आणि इंग्रजीसुद्धा निघालं. आठवीनंतर हायस्कूल ओढ्यापलीकडच्या गावात म्हणून तुला घरी बसवलं. त्यानंतर लग्न, दोन बाळंतपणं, आमच्या बाबांचं आजारपण, गोठा, शेत. मधल्या वर्षांत इंग्रजी अक्षर तुझ्या नजरेसमोर आलं असेल ते खताच्या पोत्यावर किंवा औषधाच्या बाटलीवर. अशी बाई बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरते, पंधरा वर्षांच्या पोरांच्या रांगेत बसून पेपर देते आणि एक सोडून सगळे विषय काढते. आपल्या घरात हे कुणी नीट मोठ्यानं म्हटलं का? नसेल म्हटलं तर मी म्हणते. मला तुझा फार अभिमान वाटतो.

तुझं माहेर सागरेश्वरच्या डोंगराकडचं, म्हणून तुला देवराष्ट्र्याची गोष्ट सांगते. देवराष्ट्रे म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना यशवंतराव चव्हाण आठवतात. त्यांचा जन्म तिथला, १९१३चा. पण त्याच गावच्या कुर्लेकरांच्या घरातली एक मुलगी त्यांच्या कितीतरी आधी गाव सोडून पुण्याला गेली होती. १८७३ साली लग्न झालं तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि तिला अक्षरओळख नव्हती. नवरा एकतीस वर्षांचा, प्रख्यात विद्वान, नाव महादेव गोविंद रानडे. तीच पुढे रमाबाई रानडे झाली. लग्नानंतर लगेच त्यांनी तिच्या हातात पाटी दिली आणि रात्री स्वतः शिकवायला सुरुवात केली. पुढे घरी शिकवायला ट्रेनिंग कॉलेजातल्या सगुणाबाई देव येऊ लागल्या. शिकलेली बाई विधवा होते असं मानणारा तो काळ. घरातल्या बायकांनी रमाबाईंना टोमण्यांनी नकोसं करून सोडलं. रमाबाईंनी १९१०मध्ये 'आमच्या आयुष्यातील कांही आठवणी' लिहिलं, त्यात हे सगळं आलं आहे.

मला त्या पुस्तकात एक गोष्ट नेहमी टोचते. रानड्यांनी बायकोला शिकवलं, पण घरातल्या बायकांना कधी दटावलं नाही. सोसायचं आणि उलट बोलायचं नाही, हेच त्यांनी रमाबाईंना सांगितलं. त्यांच्या मोठेपणाबद्दल मला शंका नाही, मोठ्यांच्या मर्यादेचा तो काळही मला समजतो. तरीही वाटतं की त्यांचा पाठिंबा रात्रीपुरता होता. दिवसभराची लढाई त्या पोरीनं एकटीनं लढली. ती टिकली हे तिचं कर्तृत्व. पण किती जणी अशा दिवसाढवळ्या मोडून गेल्या असतील, त्यांची पुस्तकं झाली नाहीत.

हे मी दादासाठीही लिहिते आहे. त्याला हा परिच्छेद वाचून दाखव. दादा मनाचा चांगला आहे. तुला "शीक" म्हणाला, फॉर्म त्यानं आणला, फी त्यानं भरली, संपर्क केंद्राच्या शाळेत कागद घेऊन दोन वेळा तोच गेला. गावात कितीजण बायकोसाठी एवढं करतात? पण परीक्षेच्या महिन्यातही पहाटेची धार तूच काढत होतीस. मग चहा, भाकरी, पोरांचे डबे, डेअरीला दूध घालून येणं, भांडी, आईचं औषध. पुस्तक उघडायची ती रात्री साडेनऊनंतर, डोळे मिटत असताना. भाषेचे विषय तेवढ्या वेळात निघतात. गणिताला ताजं डोकं लागतं. तू गणितात कमी पडलीस असं मला वाटतच नाही. तुला गणितासाठी सकाळ मिळाली नाही.

म्हणून मी दादाशी बोलले आहे. तुला न विचारता बोलले, रागावू नको. पुरवणी परीक्षेपर्यंत पहाटेची धार आणि डेअरी त्याच्याकडे. तो "हो" म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. आता अडचण तुझीच आहे, कारण मी तुला ओळखते. तो बादली घेऊन गोठ्यात गेला की तू मागोमाग जाशील. "त्यांना जमत नाही, म्हैस त्यांना पान्हा सोडत नाही," म्हणशील. सोडेल. दोन दिवस दूध कमी येईल, तिसऱ्या दिवशी सोडेल. तू तेवढा वेळ स्वयंपाकघराचं दार लावून आत बस.

आईचंही सांगते. आई कुरकुरते, "या वयात कसली पाटी?" असं शेजारणीपुढे म्हणते, ते मलाही कळलं आहे. पण तुझ्या विज्ञानाच्या पेपराच्या दिवशी सुजल्या गुडघ्यानं चुलीपुढे बसून भाकऱ्या कुणी केल्या? तिनंच ना? आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचं हे असंच असतं. तोंडातून शाबासकी यायला त्यांना फार वेळ लागतो, हात मात्र आधी पुढे होतात. तिचं बोलणं ऐकू नको, भाकरी बघ.

आता दुसऱ्या एका बाईबद्दल लिहिते. तुझ्या त्या "लोक हसतील"वर मला तिच्याइतकं चांगलं उत्तर सापडलं नाही. कोकणातल्या देवरुखच्या पार्वतीबाई आठवले. अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात लहान मुलगा. थोरली बहीण बाया बालविधवा. तिनं मोठेपणी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिक्षण घेतलं आणि १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्या लग्नापायी कर्व्यांना मुरुडला गावानं वाळीत टाकलं. असली बदनामी झालेल्या बहिणीकडे आणि मेहुण्यांकडे पार्वतीबाई गेल्या आणि सव्विसाव्या वर्षाच्या सुमारास शिकायला बसल्या. पुढे कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. सभेत उभं राहून बोलायला शिकल्या. इंग्रजीवाचून अडतं म्हणून १९१८मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास, अमेरिकेला गेल्या आणि लोकांच्या घरी कामवाली म्हणून राबून त्यांनी पोट भरलं आणि भाषा शिकली. 'माझी कहाणी' हे त्यांचं आत्मचरित्र १९२८चं.

लोक पार्वतीबाईंचं सांगताना अमेरिकेवरच थांबतात, त्यांची जिद्द म्हणून तेवढीच दाखवतात. मला त्या आधीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पंडिता रमाबाई नसत्या तर बाया शिकली नसती. बाया नसती तर पार्वतीबाईंना पुण्याचं दार कुणी उघडलं असतं? आणि ज्या परक्या माणसांनी आश्रमाला वर्गणी दिली, त्यांच्या पैशावर पुढे कितीजणींच्या हाती पुस्तकं आली. यात कुणीही एकटं नव्हतं. पार्वतीबाईंनी बहिणीचा हात धरला आणि त्याचा त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. तुला मात्र कुणी काही केलं की उपकार झाल्यासारखं वाटतं. तू या घरासाठी जे केलंस त्याचा हिशोब कधी मागितला नाहीस. आता घर तुझ्यासाठी थोडं काही करतंय तर ते घे. आम्हाला ते करू दे, वहिनी.

हे धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे. त्यांची एक परीक्षेची गोष्ट आपल्या सातारच्या बाजूची आहे. मुरुडहून ते भर पावसाळ्यात चालत, कुंभार्ली घाट चढून, सातारला परीक्षेसाठी गेले. तिथं पोचल्यावर वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. एवढी पायपीट करून तो मुलगा तसाच घरी परतला. पुढे मॅट्रिक झाला तोही तेवीस वर्षांचा होऊन. गणिताचे प्राध्यापक असे घडले.

आता गणिताकडे वळू, कारण नुसत्या गोष्टी सांगून पेपर सुटणार नाही. मी तुझं पुस्तक आणि तू पाठवलेला उत्तरांचा फोटो पाहिला. तुझा घोळ दहावीच्या गणितात नाहीच, तो सातवी-आठवीच्या गणितात आहे. उणे चिन्ह कंसाबाहेर आलं की तुझं उत्तर चुकतं. अपूर्णांकांची बेरीज करताना छेद समान करायचं राहतं. दोन चलांतील रेषीय समीकरणं तू बरोबर मांडलीस, पहिल्या दोन पायऱ्या बरोबर, तिसऱ्या पायरीला चिन्ह पलटलं नाही आणि पुढचं सगळं वाया गेलं. म्हणून पहिले आठ-दहा दिवस दहावीचं पुस्तक बंद ठेव. पोरीची सातवीची जुनी वही काढ आणि फक्त चिन्हं आणि अपूर्णांक कर. लाज वाटायचं कारण नाही. जिथं शाळा सुटली तिथूनच वाट धरायची.

मग अर्थनियोजनाचा धडा घे. त्यात जीएसटी आहे. खतांच्या दुकानाची पावती घेऊन बस, पंधरा मिनिटांत कळेल. मग अंकगणिती श्रेढी. बचत गटाची वही तू इतकी वर्षं लिहितेस. दर महिन्याला ठरावीक रक्कम वाढत गेली तर वर्षाअखेर किती होतील हे तू बोटांवर सांगतेस. श्रेढी तेच आहे, फक्त त्याला सूत्र आहे. सांख्यिकी आणि संभाव्यता त्याच्या पाठोपाठ. वर्गसमीकरणं शेवटी. भूमितीत भौमितिक रचना आणि निर्देशक भूमिती आधी कर, प्रमेयांच्या सिद्धतांवर फार रक्त आटवू नको. शंभरात पस्तीस हवेत. डेअरीच्या पावतीवर फॅट चुकीचा लागला तर उभ्या उभ्या रक्कम सांगून त्या माणसाला गप्प करणारी बाई तू, तुला पस्तीस अवघड नाहीत.

आणि हसण्याचं. कोण हसलं ते मला ठाऊक आहे, त्या दोन घरांची नावं तू न सांगता कळली. पण तूच मला मार्चमध्ये सांगितलं होतंस की इंग्रजीच्या पेपराला तुझं पेन अडलं तेव्हा शेजारच्या बाकावरच्या मुलीनं न मागता तिचं दिलं, आणि बाहेर आल्यावर "काकू, निबंध कुठला लिहिला?" म्हणून चार-पाच पोरी तुझ्याभोवती जमल्या. त्यांतल्या एकीची आई तुला दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी भेटली आणि फॉर्म कुठं मिळतो ते विचारत होती. हे सांगताना तुझा आवाज कसा होता ते मला आठवतं. हसणाऱ्यांची मोजदाद करताना या बाईला सोडून देऊ नकोस. तू आता थांबलीस तर ती फॉर्म भरेल का, याचा विचार कर. तुझ्यावर ओझं टाकायचं म्हणून मी हे लिहीत नाही. तुला ठाऊक असावं म्हणून लिहिते.

रमाबाई रानड्यांनी नवरा गेल्यानंतर, १९०९मध्ये, पुण्यात सेवासदन काढलं. मोठ्या वयाच्या बायकांसाठी तिथं वर्ग चालले, ससूनमध्ये परिचारिकांचं शिक्षण मिळण्याची सोय झाली. प्रौढ बाई शिकायला बसली की घरात काय काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल? मी सेवासदनाच्या बाजूनं जाते तेव्हा तुझी आठवण येते. तू दहावी झाल्यावर अंगणवाडीच्या भरतीचं बघू म्हणाली होतीस, ते मी विसरले नाही. तिथल्या अटी आता बदलल्या आहेत असं ऐकते, बारावी मागतात. मग बारावी बघू. आधी गणित.

पुरवणीचा फॉर्म संपर्क केंद्राच्या शाळेतूनच भरायचा आहे. गुणपत्रिका, आधार कार्ड आणि नवीन फोटो घेऊन सोमवारीच जा, शेवटच्या तारखेची वाट बघू नको. उशीर झाला की विलंब शुल्क पडतं. दादा बरोबर येईल. मी पुढच्या आठवड्यात रजा टाकून येते आहे आणि निदान चिन्हांचा भाग आपण दोघी मिळून पुरा करू. येताना कंपासपेटी आणि सरावाच्या प्रश्नपत्रिका आणते. तिथं काय काय नको ते आधी कळव, म्हणजे दुहेरी खर्च होणार नाही. आईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
वन्सं