चालतंय ना, मग कशाला?

फलटणच्या घरी संगणकावर डेबियन आहे. "अपडेट करू का?" विचारलं की काकांचं उत्तर ठरलेलं.. "चालतंय ना, मग कशाला हात लावतोस?"

तसं काम सोपं. 'ॲप्ट अपडेट' म्हटलं की नवीन काय आलंय त्याची नुसती यादी येते. 'ॲप्ट अपग्रेड' म्हटलं की ती पॅकेजेस बसतात, ब्राउझरपासून मराठी फॉण्टपर्यंत सगळी एकदम.

पण काकांची भीती अगदीच खोटी नाही बरं का! मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' ह्या फायली दाबून लहान करणाऱ्या पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा सापडला. वर्षानुवर्षं हे पॅकेज मुख्यतः एकच माणूस फुकट सांभाळत होता. मदतीला आलेल्यानं आधी विश्वास कमावला, मग घात केला. आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याला एसएसएचनं लॉगिन होताना अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि त्यानं ते खणून काढलं. तोवर डेबियनच्या चाचणीच्या शाखांत ते शिरलं होतं, 'स्टेबल'मध्ये मात्र नाही.

म्हणून मी स्टेबलवरच राहतो, आणि अपडेट नेमानं करतो. तिथे नव्याची हौस नसते. बहुतेक वेळा भोकं बुजवलेली असतात. घर राहण्याजोगं आहे म्हणून आपण पत्रा गळू देतो का?

आपली पाच मिनिटं जातात, तिकडे कुणाची तरी रात्र गेलेली असते.. तीही बिनपगारी. त्यांचं ओझं कोण वाटून घेणार, हा खरा प्रश्न.

असो. तुमच्याकडे काय पद्धत?