उजेडाचं जंगल

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात एका भूमीचं वर्णन येतं. ती आकाशासारखी मोकळी आणि समतल असते. झाडं विरळ, ठेंगणी, बहुतेक काटेरी. पाऊस बेताचा, झरे थोडे, पाण्याची भिस्त विहिरींवर. वारा उष्ण, रखरखीत. टेकड्या आहेत, पण लहान आणि एकमेकींपासून दूर दूर. तिथली माणसं सडपातळ आणि काटक. हे वाचलं की मला फलटण सोडून माणदेशाकडे चढत जाणारा मुलूख दिसू लागतो. तोच मुरमाड उतार, तीच हिवराची छत्रीसारखी पसरलेली झाडं, आणि दुपारी क्षितिजावर थरथरणारी ती हवा.

या भूमीचं सुश्रुताने सांगितलेलं नाव आहे जांगल.

आपला 'जंगल' हा शब्द याच जांगलातून आला आणि इंग्रजांनी उचलून जगभर नेला तोही हाच. आज लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या मुलाला 'जंगल' म्हटलं की वेलींनी जखडलेले उंच वृक्ष, खाली काळोख, सतत ठिबकणारं पाणी असं काही दिसतं. आपल्या मुलांनाही तेच दिसतं. ज्या शब्दाच्या पोटात मुळात ऊन होतं, त्याच शब्दाच्या अंगावर आता दाट सावली पडली आहे. या बदलाकडे मी भाषेची गंमत म्हणून पाहू शकत नाही. या बदलात एका जिवंत भूमीचं नाव गेलं आणि नावाबरोबर तिचा मानही गेला.

तो मान केवढा होता, हे चरकाकडे गेलं की कळतं. चरकसंहितेत देश तीन प्रकारचे सांगितले आहेत : जांगल, आनूप आणि साधारण. जांगलाचं वर्णन करताना वैद्याची लेखणी कवीची होते. चहूकडे भरून राहिलेलं आकाश, न थांबणाऱ्या कोरड्या वाऱ्यात नाचणाऱ्या कोवळ्या फांद्या, खरखरीत वाळू आणि बारीक खडे, त्यांवर पसरलेलं मृगजळ. खैर, धावडा, सालई, बोर, टेंभुर्णी, आवळा, शमी यांची वस्ती. जमिनीवरून लावा, तित्तिर, चकोर फिरताहेत. आनूप याच्या अगदी उलट : नद्यांचा आणि समुद्रकाठचा ओलसर प्रदेश, तिथे तमाल, नारळ, केळी. महाराष्ट्राच्या माणसाला हे दोन्ही देश घरचे वाटावेत. मधे फक्त सह्याद्री उभा आहे. महाबळेश्वरावर वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो आणि तिथून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत तो ५०० च्या आसपास येऊन ठेपतो. ढग सगळं देऊन झालेले असतात. घाटाखाली आनूप, पर्जन्यछायेत जांगल. माळावर दाट झाडी का नाही याचं उत्तर इतकं साधं आहे. तिथे कुणी जंगल तोडलं म्हणून माळ उरला, ही समजूत आपल्या मनात फार खोल बसली आहे. कित्येक ठिकाणी तो माळच पहिल्यापासूनचा आहे.

आयुर्वेदाने जांगल देशातल्या प्राण्यांचं मांस पचायला हलकं मानलं. मनुस्मृतीने राजाला सांगितलं की वसायचं तर धान्य पिकणाऱ्या जांगल प्रदेशात वस. त्याच ग्रंथात दुसऱ्या एका ठिकाणी यज्ञाला योग्य भूमी कोणती याची खूण दिली आहे : जिथे काळवीट आपल्या स्वभावाने फिरतो ती. मनुस्मृतीतल्या इतर अनेक गोष्टी मला मान्य नाहीत, पण या खुणेपुढे माझा हात आपोआप जोडला जातो. भूमीचं पावित्र्य ठरवायला तिथे काळविटाची साक्ष काढली आहे, आणि काळवीट तर उघड्या गवताळ माळाचा जीव. दाट झाडीत त्याचा वेगही व्यर्थ आणि शिंगंही.

महाभारतातलं कुरुजांगल याच शब्दाचं. बिकानेरच्या भोवतालचा वाळवंटी मुलूख जुन्या काळी जांगलदेश म्हणून ओळखला जाई आणि तिथले राजे 'जय जंगलधर बादशाह' असं बिरुद अभिमानाने मिरवत. वाळूच्या आणि खेजडीच्या प्रदेशाचा राजा स्वतःला जंगलाचा धनी म्हणवतो, यात त्या काळच्या कुणालाही विसंगती वाटली नाही.

इंग्रजीत हा शब्द शिरला तो जमीनमहसुलाच्या दारातून. वॉरन हेस्टिंग्जच्या सांगण्यावरून नॅथॅनिएल हॅलहेडने हिंदू कायद्यांचं भाषांतर केलं, ते १७७६ मध्ये लंडनला छापलं गेलं. त्यात पाच वर्षं पडून राहिलेल्या जमिनीला जंगल म्हणतात, अशी व्याख्या आहे. म्हणजे तिथेही झाडांची अट नव्हती. नांगर न लागलेली जमीन, एवढाच अर्थ. पण इंग्रज हा शब्द शिकत होते ते बंगालात, आणि बंगालच्या ओल्या गाळाची जमीन पाच वर्षं मोकळी राहिली की तिच्यावर माणूस हरवेल इतकी झाडी माजते. मला वाटतं, शब्दाचा अर्थ तिथेच हळूहळू भिजला आणि दाट झाला. १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश आला, तेव्हा त्यांनी नोंदवून ठेवलं की मूळ शब्द केवळ पडीक, न कसलेल्या जमिनीचा. त्यावरून तो झुडपांना आणि उंच गवताला लागला, आणि शेवटी इंग्रजांनी तो अरण्याला लावला. आठ वर्षांनी, १८९४ मध्ये, मुंबईत जन्मलेल्या किपलिंगचं 'जंगल बुक' निघालं. त्यातल्या लांडग्यांची टेकडी सिवनीची, आपल्या पेंचच्या शेजारची. त्या पुस्तकानंतर जगाच्या मनातलं चित्र बदलणं कुणाच्या हातात राहिलं नाही.

पुढे शब्द कुठे कुठे गेला याची यादी लांबेल. हिवतापाला इंग्रजांनी त्याचं नाव दिलं. अमेरिकेत रेल्वेमार्गाच्या कडेला मुक्काम टाकणाऱ्या भटक्या मजुरांच्या तळाला तेच नाव पडलं. १९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअरने शिकागोच्या कत्तलखान्यांवरच्या कादंबरीला ते दिलं. १९९० च्या दशकात लंडनमधल्या एका धावत्या, ठोकेबाज संगीताला ते मिळालं. फ्रान्सच्या कॅले बंदराजवळ निर्वासितांची एक मोठी छावणी होती, २०१६ मध्ये ती हटवली गेली. तिलाही जग जंगल म्हणत होतं. अफगाणिस्तानातून आलेल्या माणसांच्या पश्तूत हा शब्द होताच. या सगळ्या अर्थांना एक धागा आहे : भीती, बेबंदपणा, जिथे कायदा पोहोचत नाही अशी जागा. वैद्याने ज्या भूमीला निरोगी म्हटलं, तिच्या नावात रोग आणि दहशत भरली गेली.

इंग्रजांनी हे आपल्याच शब्दाचं केलं असंही नाही. त्यांचा 'फॉरेस्ट' मुळात बाहेरची, राजाने शिकारीसाठी राखलेली भूमी सांगणारा कायद्याचा शब्द होता. विल्यम राजाने १०७९ च्या सुमारास राखलेल्या 'न्यू फॉरेस्ट'मध्ये आजही मैलोन्‌मैल उघडी, झुडपी माळरानं आहेत. त्यांनी मात्र ती माळरानं त्याच नावाने जपली. आपलं तसं झालं नाही. शब्द परदेशातून नवा अर्थ घेऊन घरी आला आणि जांगल भूमीच्या वाट्याला महसुली कागदावरचे पडीक, बरड, ओसाड हे शेरे उरले. सरकारचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघतो, त्यात विरळ झुडपांची जमीन हा पडीकाचाच एक वर्ग आहे. चरकाचे लावा आणि तित्तिर ज्या जागेत फिरत, ती जागा त्या वर्गात बसते.

एकदा दसऱ्यानंतरच्या पहाटे अशा पडीक जमिनीवर जाऊन उभं राहावं. गवत गुडघ्यापर्यंत आलेलं असतं आणि नुकतं पिवळं पडू लागलेलं असतं. मारवेल, पवन्या, कुसळी. कुसळीचं बी पाहण्यासारखं. टोकाला सुईसारखी अणी, मागे पिळलेली लांब शेपटी. हवा ओली झाली की तो पीळ सुटतो, कोरडी झाली की पुन्हा बसतो, आणि या उलटसुलट फिरण्यातून बी स्वतःला मुरमात रुतवत नेतं. ना बैल, ना पाभर. धोतराला, पायजम्याला, मेंढीच्या लोकरीला चिकटणारी ही कुसळं आपण वैतागून काढून फेकतो, पण ते केवढं सोशिक शहाणपण आहे! त्या गवताची अर्ध्याहून मोठी संपत्ती जमिनीखाली असते. वणवा वरचं पातं नेतो, मुळं शाबूत राहतात. हवेतला कर्ब मुळांच्या वाटेने मातीत साठून राहतो तो तिथेच, आगीच्या आवाक्याबाहेर. असल्या उन्हाळी गवतांनी आपल्या उपखंडात पाय रोवले त्याला सत्तर लाख वर्षं होऊन गेली, असं शिवालिकच्या गाळातले पुरावे सांगतात. माणूस तेव्हा कुठेच नव्हता.

चंडोल जमिनीवरून सरळ वर चढतो आणि दिसेनासा झाला तरी गाणं ऐकू येत राहतं. उंच फांदी नसलेल्या देशातल्या पाखरांनी आकाशालाच फांदी केलं आहे. तणमोर तर पावसाळ्यात मादीला दिसावं म्हणून गवताच्या वर उसळ्या घेतो. धाविक ढेकळांमधून धावतो, थांबतो, पुन्हा धावतो. झुडपातून लाव्यांचा थवा एकदम फुर्र करून उठतो. त्या लाव्याच्या इंग्रजी नावात अजून 'जंगल' शब्द आहे, आणि ऊस-गवतातून हिंडणाऱ्या रानमांजराच्या इंग्रजी नावातही. ही दोन्ही दाट अरण्याची मंडळी नव्हेत, उघड्या झुडपी रानाचीच. प्राण्यांच्या नावांत शब्दाचा जुना अर्थ न बोलता टिकून राहिला आहे.

आपल्या भाषेतही तो टिकला आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी अलीकडेच जुन्या मराठी काव्यांतली, आख्यानांतली आणि लोकगीतांतली झाडं वनस्पतिशास्त्राच्या नजरेने वाचली. देशावरचा माळ निदान साडेसातशे वर्षांपासून माळच आहे, असा पुरावा त्यांना त्यात मिळाला. मला यात सर्वांत जवळचा वाटतो तो पंढरपूरचा पुरावा. मंगळवेढ्याची कान्होपात्रा बिदरच्या बादशहाच्या बोलावण्याला नकार देऊन विठ्ठलाच्या पायाशी आली आणि तिथेच तिने देह ठेवला. तिच्या समाधीच्या जागी झाड उगवलं, अशी श्रद्धा आहे, आणि देवळात त्या झाडाची आजही पूजा होते. ते झाड चाफ्याचं नाही, वडाचं नाही. ते तरटीचं आहे. तरटी हे कोरड्या माळावरचं काटेरी झाड. भीमेकाठच्या लोकांनी आपल्या संत स्त्रीची खूण म्हणून आपल्याच जांगल भूमीतलं झाड ओळखलं आणि त्याला कुंकू लावलं. खंडोबा, बिरोबा आणि कित्येकांच्या मते खुद्द विठोबा हे याच मेंढरांच्या, गुरांच्या देशाचे देव.

धनगराला माळ कधीच ओसाड वाटला नाही. कोणत्या उतारावर कोणतं गवत आधी येतं, कोणतं फुलोऱ्यावर आल्यावर मेंढरू तोंड लावत नाही, हे त्याला पाठ असतं. त्याची मेंढरं शेतात बसवली की शेत खतावतं, म्हणून शेतकरी त्याला धान्य देऊन बोलावतो. लांडगाही त्याच्या हिशेबात असतो. वर्षातून एखादं कोकरू जायचं, असं म्हणणारे म्हातारे मी ऐकले आहेत आणि त्या बोलण्यात तक्रार नव्हती.

या भूमीसाठी आपण राखून ठेवलं ते फार थोडं. कर्जतजवळचं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य दोन चौरस किलोमीटरहून थोडंसं जास्त. बारामती तालुक्यातलं सुप्याचं मयूरेश्वर, चिंकाऱ्यांसाठी, पाच चौरस किलोमीटरच्या आसपास. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांतल्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, घरट्याशिवाय. तिला चहूकडचं दूरवरचं दिसावं लागतं. तिच्या सुरक्षिततेची व्याख्याच मोकळीक ही आहे. तिच्या माळावर झाडांच्या ओळी उभ्या केल्या तर आपण तिचे डोळे बांधले. आज हे पक्षी साऱ्या देशात दीडशेच्याही खाली आले आहेत, बहुतेक राजस्थानात, त्या जुन्या जांगलदेशाच्या शेजारी जैसलमेरकडे. महाराष्ट्राच्या माळावर त्यांचं दर्शन आता जवळजवळ संपलं आहे.

दर पावसाळ्यात गावोगाव खड्डे खणले जातात. हेतू चांगला असतो, माणसं मनापासून येतात, लहान मुलं हातात रोपं घेऊन उभी असतात. खड्ड्यांसाठी जागा मात्र बहुतेक वेळा माळाचीच निवडली जाते, कारण तिथे काहीच नाही असं सगळ्यांना वाटतं. गिरिपुष्प लावलं जातं, सुबाभूळ लावली जाते. चार वर्षांत खालचं गवत सावलीने मरतं आणि गवताबरोबर लावा, धाविक, चंडोल निघून जातात. तेव्हा यंदा रोप हातात घ्याल तर ते ओढ्याच्या काठी लावा, रस्त्याकडेला लावा, शाळेच्या अंगणात, तुटलेल्या देवराईत लावा. माळावर जायचंच असेल तर गावातल्या मेंढपाळाला बरोबर घेऊन जा आणि खड्डा खणण्याआधी त्याला गवतांची नावं विचारा. ती लिहून घ्या, मुलांना शिकवा, आणि त्या जागेला पडीक म्हणू नका.